ड्रम मशीन प्लगइनवर केरवा निर्जीव का वाटतो?

सोळा_मात्रा
नमस्कार मंडळी. घरच्या घरी गाणी करतो. रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर), एक छोटा ऑडिओ इंटरफेस आणि तालासाठी ड्रम मशीनची प्लगइन्स: एक रोलंड कंपनीच्या ८०८ या जुन्या ड्रम मशीनची नक्कल आणि एक साधा सॅम्पलर, ज्यात आपले आवाज पॅडवर टाकता येतात. इंग्रजी वळणाचा ठेका असला की काम पटकन होतं. सध्या एका अभंगाला नवी चाल लावली आहे, भावगीताच्या अंगाची, आणि तिला केरवा (आठ मात्रांचा ताल) हवा आहे. धा गे ना ति । न क धि न हे आठ बोल प्लगइनमधल्या ओळीच्या सोळा घरांत एक सोडून एक असे बसवले. तबल्याचे चांगले सॅम्पल लावले. बोल जागच्या जागी पडतात, आवाजही स्वच्छ आहे, पण जीव नाही. प्लगइन बदलून बघावं का? की या यंत्रांत आपला ताल बसतच नाही? ज्यांनी मराठी गाण्यांसाठी अशी प्लगइन्स वापरली आहेत त्यांनी जरूर लिहा. पैसे खर्च करायची तयारी आहे, पण उगाच नको.

तिहाई
व्हेलॉसिटी (प्रत्येक बोलाचा जोर) किती ठेवल्या आहेत? सगळ्या १०० वर असतील तर उत्तर तिथेच आहे.

सोळा_मात्रा
८० ते ११० च्या मध्ये आहेत. ह्युमनाइझचं बटण दाबलं होतं, त्याने आपोआप खालीवर केल्या.

शाई_पुडी
तबला आणि ढोलकी दोन्ही वाजवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ह्युमनाइझ नुसते फासे फेकतं. कुठला बोल जड, कुठला हलका हे त्याला कळत नाही. माणसाच्या हातात खालीवर होतं ते असं वाटेल तसं होत नाही, त्याला ठेक्याचा अर्थ असतो.

केरव्यात आधी भरी-खाली (ठेक्याचा जड आणि हलका भाग) बघा. पहिले चार बोल भरीचे, पुढचे खालीचे. डग्ग्याचा (डाव्या हाताच्या तबल्याचा) खुला, घुमणारा आवाज फक्त धा, गे आणि धि या तीन ठिकाणी आहे. मधल्या ना, ति, न वर डग्गा नाही आणि क वर बंद थाप आहे. म्हणजे गे नंतर डग्गा चार बोल गप्प असतो आणि सातव्याला परत येतो. ऐकणाऱ्याला समेची (आवर्तनाच्या पहिल्या बोलाची) ओढ लागते ती या गप्प बसण्यामुळे. प्लगइनवर काम करणारे बरेच जण मधली जागा मोकळी दिसली की तिथे किक टाकतात, आणि ठेका तिथेच आडवा होतो.

दुसरं म्हणजे क. ती थाप पडली की आधीच्या घे ची (म्हणजे वरच्या गे ची) घुमणूक तिथे तुटली पाहिजे. सॅम्पलरमध्ये घे आणि क एकाच चोक ग्रुपमध्ये टाका. हायहॅटचा उघडा आणि मिटलेला आवाज एकमेकांना कापतात ना, तीच सोय. हे केलं नाही तर घे ची शेपटी खालीच्या बोलांवर लोळत राहते आणि खाली कळतच नाही.

व्हेलॉसिटी हातानेच लिहा. धा ११० च्या पुढे, गे ७० च्या आसपास, ना ९५, ति ६०, न आणि क ५० च्या खाली, धि १००, शेवटचा न ५५. हे आकडे कोरलेले नाहीत, पण उतार-चढाव साधारण असाच हवा.

खर्ज
अभंगाला केरवा कशाला? भजनी ठेका लावा आणि पखवाज घ्या. चाल नवी असली तरी शब्द कुणाचे आहेत ते विसरू नये असं माझं मत.

सोळा_मात्रा
खर्ज, चाल ऐकलीत तर पटेल. भजनी ठेका लावून बघितला, ओळीच्या शेवटी ओढ येते तिथे तो अडतो.

शाई_पुडी, मनापासून आभार. आज रात्रीच करून बघतो.

कृष्णाकाठ
खर्ज यांच्याशी असहमत. अभंग भावगीताच्या अंगाने गायची वाट आपल्याकडे जुनी आहे आणि ती रसिकांनी डोक्यावर घेतली आहे. ताल चालीला शोभला म्हणजे झालं.

रिदम_बॉक्स
धाग्यात अजून स्विंगचा (ठेका झुलवणाऱ्या सोयीचा) विषय आलेला नाही, म्हणून लिहिते.

सोळा_मात्रा, तुम्ही बोल एक सोडून एक घरात टाकले आहेत, म्हणजे १, ३, ५, ७ असे. ड्रम मशीनचा स्विंग सरकवतो तो सम घरांना: २, ४, ६, ८. तुमची सम घरं रिकामी आहेत. तुम्ही स्विंगचं बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलंत तरी काही बदलणार नाही. 

आठ बोल सलग आठ घरांत टाका आणि लय त्या हिशेबाने अर्धी करा. आता सोळा घरांत दोन आवर्तनं बसतील, दुसऱ्यात थोडा बदल करायला जागाही मिळेल. मग स्विंग वाढवत न्या. ५० टक्के म्हणजे सरळ. ६६ म्हणजे जवळपास तिस्र, दादऱ्यासारखी झुलणारी चाल. आपला केरवा बहुतेक वेळा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतो. लय ९० (मिनिटाला ९० ठोके) असेल तर दोन घरांची जोडी ३३३ मिलिसेकंदांची होते. सरळ वाजवलं तर दुसरा बोल १६७ वर पडतो, ५८ टक्क्यांना १९३ वर. जेमतेम २६ मिलिसेकंदांचा फरक, पण मान डोलते ती तेवढ्यानेच. तुमच्या चालीला ५६ ते ६० च्या दरम्यान बघा.

हा स्विंग यंत्रात आणला रॉजर लिन यांनी. त्यांच्या १९८० च्या एलएम-१ या ड्रम मशीनमध्ये खऱ्या ड्रम्सचे डिजिटल सॅम्पल होते आणि स्विंगही होता. पुढे १९८८ मध्ये अकाईच्या एमपीसी-६० मधून तो जगभर गेला. मूळ ८०८ मध्ये स्विंग नव्हताच, रोलंडने शफल दिला तो ९०९ मध्ये. आजच्या प्लगइन नकलांमध्ये मात्र बहुतेक ठिकाणी तो मिळतो.

तिहाई
सम घरं रिकामी, हे वाचून मीही माझे जुने प्रोजेक्ट उघडून बसलोय. जबरदस्त प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

नाना_हार्मोनियम
मंडळी, एवढा आटापिटा करण्यापेक्षा एक ढोलकीवाला बोलवा. दोन तासांत गाणं होईल. २६ मिलिसेकंद मोजत बसायचे म्हणजे संगीत का?

पसायदान_बे_एरिया
नाना, तुमचं म्हणणं मनाला पटतं, पण आमच्याकडे गणपतीच्या कार्यक्रमाला ढोलकी वाजवणारं कुणी मिळेलच असं नाही. तबल्याचे शिक्षक मिळतात, पण ते शास्त्रीय वाजवणारे. लावणी बसवायची तर ढोलकीचा तो तोडा कोण वाजवणार? आमच्या मंडळातल्या मुली महिनाभर प्लगइनच्या ट्रॅकवर सराव करतात. ट्रॅक चांगला असेल तर त्यांचं पाऊल चांगलं पडतं, म्हणून मिलिसेकंद मोजायला मी आनंदाने तयार आहे. अशा धाग्यांची आम्हाला फार गरज आहे.

नाना_हार्मोनियम
पसायदान ताई, तुमची अडचण रास्त आहे. माझा रोख पुण्या-मुंबईत बसून असं करणाऱ्यांवर होता.

ऑक्टापॅड_अण्णा
मधला रस्ता सांगतो. माऊसने बोल टिपण्यापेक्षा हाताने वाजवून घ्या. आमच्या ऑर्केस्ट्रात तीस-तीस गाण्यांचा रिदम एका ऑक्टापॅडवर निघतो. ढोलकी, हलगी, संबळ, खंजिरी, सगळं त्या आठ पॅडवर. तोच पॅड मिडीने (वाद्य आणि कॉम्प्युटर जोडायच्या सोयीने) कॉम्प्युटरला जोडा आणि आवाज प्लगइनचे घ्या. ऑक्टापॅडचं मॉडेल एसपीडी-३० असेल तर यूएसबीची एक वायर पुरते. एसपीडी-२० असेल तर जुनी गोल पाच पिनांची मिडी केबल आणि इंटरफेस लागेल.

एक काळजी घ्या. बफर (आवाज थोडा साठवून पुढे सोडायची सेटिंग) ५१२ वर असेल तर ४४.१ किलोहर्ट्झला नुसत्या बफरचेच जवळपास १२ मिलिसेकंद जातात, आणि हात आपोआप पुढे पळायला लागतो. वाजवताना १२८ वर आणा, म्हणजे ते ३ च्या आत येतं. मिक्स करताना परत वाढवा. आणि वाजवून झालं की लगेच क्वांटाइझ (बोल घरांत नेमके बसवणारं बटण) दाबू नका. दाबायचंच तर शंभर टक्के नको, ४०-५० टक्के करा. हाताचा स्वभाव शिल्लक राहतो.

कोकणकडा
अण्णा, आमच्याकडे शिमग्याला बेंजोवाले येतात त्यांच्यातला ऑक्टापॅडवाला बघायला आम्ही पालखीच्याही पुढे धावतो! त्याचे हात बघून कुणी म्हणणार नाही की हे यंत्र आहे.

जुनी_तबकडी
थोडं अवांतर, पण आपल्या मुंबईशी थेट जोडलेलं आहे म्हणून लिहितो.

राग यंत्रावर बसवणं आपल्याकडे फार लवकर झालं. चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे कलाकार. त्यांनी १९८२ मध्ये रोलंडचा टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ अशी तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि एचएमव्हीने तबकडी काढली. तेव्हा फारशी कुणी विचारली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि लोक चकित झाले, कारण पुढे शिकागोत ॲसिड हाउस म्हणून जे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत गाजलं त्याच्याशी तिचा आवाज विलक्षण जुळत होता, आणि ही तबकडी त्याच्या काही वर्षं आधीची. उतारवयात त्यांनी युरोपात जाऊन कार्यक्रम केले. २०१५ मध्ये मुंबईतच ते गेले.

आणि ८०८ ची कथा बघा. १९८० ला बाजारात आलं, १९८३ ला बंद झालं, जेमतेम १२ हजार नग निघाले. खऱ्या ड्रम्ससारखं वाजत नाही म्हणून तेव्हा नाकं मुरडली गेली. आज त्याच आवाजाची नक्कल प्रत्येकाच्या लॅपटॉपमध्ये आहे. म्हणून सोळा_मात्रा यांना सांगेन, ८०८ ला तबला करायला जाऊ नका. ८०८ ला ८०८ च राहू द्या आणि चरणजितजींसारखं वर रागाला मोकळं सोडा.

शाई_पुडी
सुंदर माहिती, जुनी_तबकडी. तबला करायला जाऊ नये हे मान्य, पण एका बाबतीत ८०८ आपल्या फार कामाचं आहे: घुमारा.

ढोलकीच्या धुम्यावर (डावीकडच्या, जाड आवाजाच्या तोंडावर) किंवा डग्ग्यावर हात दाबून जी मींड (सुराची घसर) काढतो ती एकेका सुट्या सॅम्पलमध्ये येत नाही. एकच घुमारा रेकॉर्ड केलेला असतो आणि दर वेळी तोच तसाच वाजतो, दोन ओळींत कानाला कळतं. ८०८ ची किक हा मुळात लांबवता येणारा शुद्ध सूर आहे. सॅम्पलर मोनो आणि लेगाटोवर (एका वेळी एकच, जोडलेला सूर) ठेवा, पोर्टामेंटो (सूर घसरायचा वेळ) ६० ते १०० मिलिसेकंद, आणि दोन सूर एकमेकांवर जरा चढवा. सूर पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरत जातो. एक गोष्ट लक्षात घ्या: किकचा सूर वाजताक्षणी खाली उतरतो, आपला घे दाबला की वर चढतो. म्हणजे पिच एन्व्हलप (सुराचा चढ-उतार ठरवणारी सोय) उलटा लावायचा. खऱ्या धुम्याचा नुसता टोला वर ठेवायचा आणि खाली हा ८०८ चा घुमारा. लावणीच्या एका ट्रॅकला हे केलं होतं, तमाशात वाजवलेल्या एका बुजुर्गांनी ऐकून विचारलं, धुमा कुणाचा आहे?

मंद्र
शाई_पुडी यांच्या युक्तीला एक जोड. तो घुमारा गाण्याच्या पट्टीत लावा. गाणं काळी पाचमध्ये (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीत) असेल तर षड्ज ५८ हर्ट्झवर येतो, छान बसतो. काळी एक असेल तर खालचा षड्ज ३४.६, बहुतेक स्पीकरच्या आवाक्याबाहेर, आणि वरचा ६९. अशा वेळी मंद्र पंचम घ्या, ५२ च्या आसपास. आणि हे कुठलेही सूर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू येत नाहीत. थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडणारा इफेक्ट) द्या, म्हणजे वरचे स्वरांश उमटतात आणि कानाला खालचा सूर असल्याचा भास होतो. आपलं गाणं मोबाइलवरच ऐकलं जाणार आहे.

नवशिकी_सई
माझा प्रश्न वेगळा आहे, चालेल ना? ढोल-ताशाचं पथक प्लगइनमध्ये करायचंय. एका ढोलाचं चांगलं सॅम्पल मिळालं, त्याचे दहा ट्रॅक केले, पण एकच ढोल मोठ्याने वाजल्यासारखं वाटतंय.

रिदम_बॉक्स
सई, तसंच होणार. तीच लहर तशीच्या तशी दहा वेळा मिळवली की २० डेसिबल वाढतात, बाकी काही घडत नाही. पथकात प्रत्येक ढोलाचं पान वेगळं ताणलेलं असतं, प्रत्येकाचा टिपरू थोडा मागेपुढे पडतो. वेगवेगळे टोले हवेत. सुरात थोडा फरक हवा, वेळेत १० ते २५ मिलिसेकंदांचा विखुरलेपणा हवा, आणि जागा डावीकडून उजवीकडे पसरलेली हवी.

ताशाला राउंड रॉबिन लावच. म्हणजे एकाच बोलाचे चार-पाच टोले रेकॉर्ड करायचे आणि सॅम्पलर ते पाळीपाळीने वाजवतो. नाहीतर जलद ताशा शिलाई मशीनसारखा वाजतो. टीएक्स१६डब्ल्यूएक्स हा सॅम्पलर फुकट आहे आणि त्यात ही सोय आहे. एसएफझेड फाइल वापरणार असशील तर ती साध्या मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये लिहिता येते. सुरुवात करायला हायड्रोजन हे ड्रम मशीन सॉफ्टवेअर पण छान आहे, मोफत आणि मुक्त. पण तो स्वतंत्र प्रोग्रॅम आहे.

नवशिकी_सई
खूप खूप आभार! या रविवारी पथकाच्या सरावाला रेकॉर्डर घेऊन जाते.

ऑक्टापॅड_अण्णा
सई, ढोलाच्या अगदी तोंडाशी रेकॉर्डर धरू नकोस, आवाज फाटेल. सात-आठ पावलं मागे उभी राहा, आणि टोल (पथकातली धातूची तबकडी) वेगळा घे. त्याची घणघण प्रत्येक ट्रॅकमध्ये शिरली तर काढता येणार नाही.

धुमा
इतके दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहितो. मी व्यवसायाने ढोलकी वाजवतो.

काही वर्षांपूर्वी एका स्टुडिओने बोलावून दिवसभर माझे ठेके, उठाण, तोडे, सुटे बोल रेकॉर्ड करून घेतले. एकरकमी पैसे दिले आणि सही घेतली. आता त्या लूपवर (पुन्हा पुन्हा वाजवता येणाऱ्या तुकड्यांवर) गाणी होतात आणि त्यात माझं नाव कुठेच नसतं. मी प्लगइनच्या विरोधात नाही, घरी मुलगा वापरतो. पण वादकांना कळकळीने सांगतो: कागदावर काय लिहिलंय ते वाचून घ्या. लायब्ररीसाठी वाजवणं आणि एका गाण्यासाठी वाजवणं यांचा मोबदला एक असू शकत नाही. नाव देणार का, ते आधीच ठरवून घ्या. आणि वापरणाऱ्यांनी, कुणाच्या हाताचे बोल आहेत ते माहीत असेल तर गाण्याखाली लिहावं. त्याला एक पैसा लागत नाही.

कृष्णाकाठ
धुमा, तुमचा प्रतिसाद वाचून गलबलून आलं. हे व्हायला हवं. यापुढे मी लिहीन.

नाना_हार्मोनियम
धुमा यांना माझा नमस्कार. माझा मुद्दा मी लिहिला त्याहून त्यांनी नीट मांडला.

जाणकार_नव्हे_जिज्ञासू
लूप वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. रॉयल्टी फ्री लिहिलेला लूपही दुसऱ्या हजारांनी घेतलेला असतो. तो तुमच्या गाण्यात नुसता, एकटा वाजला की व्हिडिओच्या साइटवरची आपोआप ओळखणारी यंत्रणा दुसऱ्याच गाण्याचा हक्क दाखवू शकते. शिवाय बहुतेक परवान्यांत तो लूप सुट्टा काढून विकायला मनाई असते. स्वतः बोल टिपून ठेका बांधला तर ही भानगड उद्भवत नाही.

तिहाई
सात मात्रांचं काय करता? रूपक करायचा होता, प्लगइन सोळा घरांचा.

शाई_पुडी
शेवटचं घर बदलता येतं. दर मात्रेला दोन घरं धरली तर रूपक १४ घरांत, दादरा १२ घरांत. पण रूपकात खरी गोष्ट वेगळी आहे: ती ती ना । धी ना । धी ना. समेवरच खाली आहे. पहिल्या घरात किक टाकायची सवय झालेली असते, ती तिथे चालत नाही. डग्गा येतो चौथ्या आणि सहाव्या मात्रेला, म्हणजे ७ आणि ११ क्रमांकाच्या घरात.

सोळा_मात्रा
मंडळी, करून बघितलं. बोल सलग आठ घरांत, स्विंग ५७, घे आणि क चोक ग्रुपमध्ये, व्हेलॉसिटी शाई_पुडींनी सांगितलेल्या उतारावर. प्लगइन तेच, सॅम्पल तेच. बायकोने आतल्या खोलीतून विचारलं की तबल्याला कोण आलंय! नवीन काही विकत घेत नाही. 

धुमा यांचा प्रतिसाद वाचून आणखी एक ठरवलं. मुखडा आणि शेवटचा अंतरा खऱ्या ढोलकीवर करायचा, ओळखीच्या एका वादकांना विचारलं आहे, नाव गाण्याखाली जाईल. साइड रिदम आणि ८०८ चा घुमारा प्लगइनवरच राहील. आता त्यांना वाजवायला काय लावून देऊ? क्लिकवर (लयीच्या टिकटिकीवर) वाजवायला ते नाखूश आहेत.

धुमा
क्लिक देऊ नका. क्लिक सरळ चालतो आणि तुमचा ठेका ५७ वर झुलतोय, दोघांची भांडणं होतील. त्यांच्या हेडफोनमध्ये तुमच्या प्लगइनमधली मंजिरी आणि खंजिरी द्या, त्याच स्विंगवर. तबल्याचा ट्रॅक बंद ठेवा, नाहीतर हात त्याच्या मागे धावतो. गाणाऱ्याचा कच्चा आवाज मात्र जरूर द्या, आम्ही शब्दावर वाजवतो. ढोलकी गाण्याच्या पट्टीत लावून घ्यायला वेळ ठेवा, एसी बंद करा, नाहीतर पुडीचा (चामड्याच्या तोंडाचा) सूर हलतो. आणि पहिल्या टेकपासून रेकॉर्ड सुरू ठेवा, नुसतं बघू म्हणून वाजवलेलंच पुष्कळदा कामाला येतं.